कर्मचाऱ्यांचे आजारपण, अनुपस्थिती आणि नियोक्त्याची जबाबदारी : भुसावळच्या रेल्वे-सेवेच्या संदर्भात

प्रस्तावना

‘सिक’ आणि ‘फिट’ हे दोन इंग्रजी शब्द भुसावळ शहरात घरोघरी रुळलेले आहेत. रेल्वे वसाहतीत एखाद्या कर्मचाऱ्याची चौकशी केली असता ‘ते सध्या सिकमध्ये आहेत’ असे उत्तर मिळते. त्याचा अर्थ त्या व्यक्तीची प्रकृती बरी नाही एवढाच नसतो. तिचे नाव रेल्वे डॉक्टरांच्या नोंदवहीत चढले आहे, तिच्या जागी दुसरा माणूस लावला गेला आहे, तिच्या रजेच्या खात्यातून दिवस वजा होत आहेत आणि डॉक्टरांनी ‘फिट’ लिहून दिल्याशिवाय तिला कामावर घेतले जाणार नाही, एवढे सगळे त्या एका शब्दात सामावलेले असते. आजार ही शरीराची अवस्था असली, तरी नोकरीत ती एक प्रशासकीय अवस्थाही असते. या दोन अवस्था नेहमीच एकमेकींशी जुळतात असे नाही. कोणी प्रकृती ठीक असताना ‘सिक’ असतो, तर कोणी आजारी असूनही कामावर हजर असतो.

व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आजारपणाच्या अनुपस्थितीचा विचार बहुधा यातील पहिल्या माणसाला समोर ठेवून केला जातो. तो कसा ओळखावा, त्याला आळा कसा घालावा, त्यामुळे होणारा खर्च कसा कमी करावा, या प्रश्नांभोवतीच विवेचन फिरते. प्रस्तुत लेखात दुसऱ्या माणसाकडे अधिक लक्ष दिले आहे. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात हा दुसरा माणूस कदाचित इंजिनाच्या कॅबमध्ये बसलेला असतो आणि त्याच्या मागे हजारो प्रवासी असतात.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० च्या दशकात येथे आला. येथूनच तो खंडव्याकडे आणि नागपूरकडे असा दोन दिशांना फुटला. आज भुसावळ हे मध्य रेल्वेच्या पाच विभागांपैकी एका विभागाचे मुख्यालय आहे. विभागीय कार्यालय, रेल्वे रुग्णालय, विद्युत इंजिनांचे शेड व कारखाना, क्षेत्रीय रेल्वे प्रशिक्षण संस्था या सर्वांमुळे शहराचे अर्थकारण एका नियोक्त्याशी बांधलेले राहिले. भुसावळ व वरणगाव येथील आयुध निर्माणी आणि दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र ही त्यात नंतर पडलेली भर होय. मोठा नियोक्ता, त्याचे स्वतःचे डॉक्टर व स्वतःचे रुग्णालय आणि दीर्घकाळ घडत गेलेले नियम एकाच ठिकाणी असल्याने आजारपणाच्या व्यवस्थापनाचे गुणदोष येथे स्पष्ट दिसतात.

रजेचे खाते आणि आजाराचा दाखला

रेल्वे कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवस सरासरी वेतनी रजा आणि २० दिवस अर्धसरासरी वेतनी रजा मिळते. वैद्यकीय दाखल्यावर अर्धवेतनी रजा पूर्ण वेतनी रजेत परिवर्तित करून घेता येते. मात्र दहा दिवसांच्या परिवर्तित रजेसाठी खात्यातून वीस दिवस वजा होतात. महाविद्यालयीन प्राध्यापकांना ही रचना अपरिचित वाटणार नाही. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस आणि वैद्यकीय कारणास्तव परिवर्तित रजा हीच चौकट महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतही आढळते. या चौकटीत आजारासाठी स्वतंत्र अशी उदार तरतूद नाही. एक मर्यादित शिल्लक असते व आजारपणात ती दुप्पट वेगाने संपते. तरुणपणी निरोगी राहिलेल्याची शिल्लक मोठी होते. ज्याला तिशीतच क्षयरोग वा मूत्रपिंडाचा विकार जडला, त्याचे खाते सर्वाधिक गरजेच्या वेळी रिकामे असते. त्यानंतर उरते ती विनावेतन असाधारण रजा.

दाखल्याच्या बाबतीत रेल्वेची पद्धत अधिक काटेकोर आहे. रेल्वे डॉक्टरांच्या कार्यक्षेत्रात राहणाऱ्याने रेल्वे रुग्णालयातच नाव नोंदवावे लागते. त्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्यास नोंदणीकृत खासगी डॉक्टरांचा दाखला ४८ तासांच्या आत सादर करण्याची मुभा असते. पण कामावर परतण्यापूर्वी त्यालाही रेल्वे डॉक्टरांसमोर उभे राहावेच लागते. म्हणजे येथे डॉक्टर हे रुग्णाचे डॉक्टर असतात तसेच नियोक्त्याचे अधिकारीही असतात. ही दुहेरी भूमिका सोयीची आहे. डॉक्टरांना कामाचे स्वरूप ठाऊक असते, रात्रपाळी म्हणजे काय, कॅबमध्ये किती उकडते, याची त्यांना कल्पना असते. परंतु रुग्ण डॉक्टरांना जे सांगतो ते उपचारासाठी सांगतो. तेच सांगणे आपल्या नोकरीच्या फाईलमध्ये जाईल असे वाटू लागले, की तो कमी सांगतो. नियोक्त्याला रोगाचे नाव कळण्याची आवश्यकता बहुतेक वेळा नसते. कर्मचारी किती दिवस येऊ शकणार नाही, परतल्यावर कोणते काम करू शकेल आणि कोणते टाळावे, या तीन गोष्टी त्याला पुरतात. अनेक कार्यालयांत मात्र दाखल्यावरील निदान आवक लिपिकापासून सर्वांच्या नजरेखालून जाते. महाविद्यालयांची कार्यालये त्याला अपवाद आहेत असे म्हणणे कठीण आहे.

दाखला नसलेल्या किंवा उशिरा आलेल्या अनुपस्थितीचे काय करावे, याविषयी न्यायालयांनी नियोक्त्यांना वेळोवेळी सावध केले आहे. आठ दिवसांहून अधिक काळ गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपुष्टात येईल, असे स्थायी आदेशाचे कलम पुढे करून एका कामगारास काढण्यात आले होते. डी. के. यादव प्रकरणात (१९९३) सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले. बाजू मांडण्याची संधी न देता अशी कारवाई करता येत नाही, असे ठरवले. कृष्णकांत परमार प्रकरणात (२०१२) न्यायालय याहून पुढे गेले. अनुपस्थिती हेतुपुरस्सर होती हे सिद्ध झाल्याविना ते गैरवर्तन ठरत नाही. आजारपण, अपघात, रुग्णालयात दाखल होणे अशा माणसाच्या आवाक्याबाहेरच्या कारणांनीही तो गैरहजर असू शकतो. नोटीस घरी पाठवली आणि उत्तर आले नाही, एवढ्यावर फाईल बंद करणाऱ्या आस्थापनांनी हा निकाल मुळातून वाचण्यासारखा आहे.

मोजमाप आणि त्याची मर्यादा

अनुपस्थितीचा दर काढण्याची रीत सोपी आहे. वाया गेलेल्या दिवसांना कामगारसंख्या व कामाचे दिवस यांच्या गुणाकाराने भागून शंभराने गुणले, की टक्केवारी मिळते. उदाहरणादाखल दोन काल्पनिक शाखा घेऊ. प्रत्येकीत ६० कर्मचारी आणि महिन्यात २५ कामाचे दिवस, म्हणजे एकूण १,५०० मनुष्यदिवस. दोन्ही शाखांत त्या महिन्यात ७५ दिवस आजारपणात गेले. दर दोन्हीकडे ५ टक्केच. परंतु पहिल्या शाखेत तीन कर्मचारी पूर्ण महिना अंथरुणाला खिळून होते, तर दुसऱ्या शाखेत २५ कर्मचारी प्रत्येकी तीन दिवस आजारी होते. पहिल्या शाखेच्या प्रमुखाने त्या तिघांच्या घरी जाऊन विचारपूस करणे योग्य. दुसऱ्या शाखेच्या प्रमुखाने आधी पाण्याची टाकी पाहावी. एकच आकडा दोन सर्वस्वी भिन्न घटना सांगत असतो. केवळ मासिक टक्केवारी वरिष्ठांना कळवणारा अहवाल हा भेद पुसून टाकतो.

वारंवारता मोजण्यासाठी ब्रिटनमध्ये ‘ब्रॅडफर्ड गुणक’ नावाचे सूत्र प्रचलित झाले व तेथून ते बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांमार्फत भारतातही आले. अनुपस्थितीच्या खेपांचा वर्ग करून त्यास एकूण दिवसांनी गुणावयाचे. सलग दहा दिवस एकदाच गैरहजर राहणाऱ्याचा गुणक १ × १ × १० म्हणजे १० येतो. एकेक दिवस करून दहा वेळा गैरहजर राहणाऱ्याचा १० × १० × १० म्हणजे १,००० येतो. दिवस दोघांचेही दहाच. तुटक अनुपस्थितीने कामाची घडी अधिक विस्कटते, हा यामागील तर्क अगदीच चुकीचा नाही. परंतु सूत्राला आजार ओळखता येत नाही.

खानदेशात याचे एक ठळक उदाहरण आहे. सातपुड्याच्या पट्ट्यातील भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांत सिकलसेलचा विकार आढळतो. या विकारात रुग्ण एरवी चालता-फिरता असतो. मध्येच तीव्र वेदनांचा झटका येतो, दोन-चार दिवस जातात, पुन्हा तो कामावर येतो. शरीरातील पाणी कमी होणे, अतिश्रम, थंडी, संसर्ग यांमुळे झटका ओढवू शकतो. ब्रॅडफर्ड गुणक लावल्यास अशा कर्मचाऱ्याचे नाव कामचुकारांच्या यादीत सर्वांत वर येईल. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारच्या अपंगत्वांत सिकलसेलचा समावेश आहे. सबब केवळ गुणकावर विसंबून त्याच्यावर कारवाई करणारा नियोक्ता अन्याय तर करेलच, शिवाय कायद्याच्याही कचाट्यात सापडेल. अर्धशिशी, दमा, अपस्मार यांच्या रुग्णांबाबतही हीच गोष्ट लागू होते.

खोट्या दाखल्याचा प्रश्न

खोटे आजारपण अस्तित्वातच नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पैसे घेऊन दाखले देणारे डॉक्टर सर्वत्र असतात, आणि कोणत्या महिन्यांत दाखल्यांना मागणी वाढते हे कोणत्याही आस्थापना विभागातील जुन्या लिपिकाला विचारावे. एप्रिल-मे महिन्यांतील लग्नसराई, जूनमधील पेरणी, दिवाळी या काळांत आजार वाढतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे. खानदेशातील अनेक नोकरदारांची गावाकडे थोडीफार शेती असते. कपाशीची लावण कोणाच्या रजेसाठी थांबत नाही.

परंतु येथे एक प्रश्न विचारावयास हवा. बहिणीच्या लग्नासाठी माणूस आजारी का पडतो? सरासरी वेतनी रजा त्याच्या खात्यात शिल्लक असते. ती ३०० दिवसांपर्यंत साठवता येते व पुष्कळांची साठतेही. असे असूनही तो खोटा दाखला आणतो, याचे कारण अनेकदा असे असते, की त्याने रीतसर मागितलेली रजा मनुष्यबळाच्या तुटवड्यामुळे नाकारलेली असते. रजा देण्याचा अधिकार पर्यवेक्षकाला आहे; आजारावर मात्र त्याचा अधिकार चालत नाही. म्हणून बंद दाराऐवजी कर्मचारी उघड्या दाराने जातो. अशा ठिकाणी दाखल्यांची छाननी कडक केल्याने अनुपस्थिती क्वचितच कमी होते. फार तर दाखल्याची किंमत वाढते. लग्नसराईच्या आधी तीन महिने रजांचे वेळापत्रक लावणे, बदली कर्मचाऱ्यांची पुरेशी राखीव संख्या ठेवणे आणि एकदा मंजूर केलेली रजा ऐनवेळी रद्द न करणे, हे उपाय नीरस असले तरी अधिक परिणामकारक ठरतात.

आजाराचा दाखला सामूहिक शस्त्र म्हणूनही वापरला गेला आहे. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजचे वैमानिक आणि मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसचे केबिन कर्मचारी एकाच वेळी मोठ्या संख्येने आजारी पडले आणि उड्डाणे रद्द झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने निम्म्या वा अधिक कामगारांनी एकाच दिवशी संगनमताने घेतलेल्या किरकोळ रजेचा संपाच्या व्याख्येत समावेश केला आहे. हा विषय औद्योगिक संघर्षाचा असल्याने त्याची चर्चा येथे लांबवण्याचे कारण नाही.

लपवलेला आजार

रेल्वेत प्रत्येक पदाला एक वैद्यकीय श्रेणी असते. गाडी चालवणारे लोको पायलट ‘ए-१’ या सर्वांत कडक श्रेणीत येतात. शंटिंगचे कर्मचारी, सहायक स्टेशन मास्तर, सिग्नल हाताळणारे ‘ए-२’ मध्ये. फाटकावरील गेटमन ‘ए-३’ मध्ये. त्यानंतर ‘बी’ आणि ‘सी’ श्रेणी येतात व कार्यालयीन लिपिक ‘सी-२’ मध्ये मोडतात. ‘ए’ श्रेणीतील कर्मचाऱ्यांची वयाच्या ४५ वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी, ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे निवृत्तीपर्यंत दरवर्षी तपासणी होते. दृष्टी अधू झाली, रंगांचा भेद कळेनासा झाला, हृदयविकार वा अपस्मार निघाला, तर कर्मचाऱ्याची श्रेणी उतरते. तो नोकरीस अपात्र नसतो. त्या पदास अपात्र होतो.

सुरक्षिततेच्या दृष्टीने ही व्यवस्था आवश्यकच आहे. तथापि तिच्याकडे कर्मचाऱ्याच्या बाजूने पाहिले, की तिची दुसरी बाजू दिसते. लोको पायलटच्या उत्पन्नात किलोमीटर भत्त्याचा वाटा मोठा असतो. गाडी चालली तर भत्ता. तो ‘सिक’मध्ये गेला, की रजा-वेतन काढताना मूळ वेतनाच्या ३० टक्के एवढाच वेतनांश त्याऐवजी धरला जातो. म्हणजे प्रत्येक आजारी दिवसाची किंमत त्याला रोख मोजावी लागते. श्रेणी उतरली तर हे नुकसान तात्पुरते न राहता कायमचे होते, आणि भत्त्यापेक्षाही अधिक काही जाते. गाडी चालवणारा माणूस एका सकाळी कार्यालयातील टेबलाशी बसतो. वसाहतीतील लोकांची नजर बदलते. अशा माणसाला छातीत बारीक कळ येऊ लागली, रात्री सिग्नलचा पिवळा व लाल दिवा क्षणभर सारखा भासू लागला, तर तो डॉक्टरांकडे जाईल की गप्प राहील? नियमाचे खरे मूल्यमापन या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

या दृष्टीने १९९९ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. त्यापूर्वीच्या व्यवस्थेत श्रेणी उतरलेल्या कर्मचाऱ्यास ठरावीक मुदतीत योग्य पर्यायी पद न मिळाल्यास त्याची सेवा संपुष्टात येण्याची टांगती तलवार असे. अपंग व्यक्ती अधिनियम, १९९५ च्या कलम ४७ ने सेवाकाळात अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढून टाकण्यास वा पदावनत करण्यास मनाई केली. त्यास अनुसरून रेल्वे मंडळाने एप्रिल १९९९ मध्ये नियम बदलले. श्रेणी उतरलेल्यास समान वेतनश्रेणीत सामावून घ्यावे. जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठी अधिसंख्य पद निर्माण करावे. लोको पायलटचे वेतन पर्यायी पदावर निश्चित करताना मूळ वेतनाच्या ३० टक्के वेतनांशही जमेस धरला जातो.

या बदलाकडे बहुधा कल्याणकारी तरतूद म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ती सुरक्षिततेचीही तरतूद आहे. नोकरी जाणार नाही याची खात्री मिळालेला माणूस डोळ्यांची तक्रार लवकर सांगतो; नोकरी जाण्याची भीती असलेला माणूस तपासणीच्या तक्त्यावरील अक्षरे पाठ करून जातो. अपघाताच्या चौकशी समितीला जे कारण नंतर शोधावे लागते, ते आधीच्या वर्षी डॉक्टरांच्या टेबलापाशी सांगितले जावे यासाठी एक अधिसंख्य पद निर्माण करण्याचा खर्च फार नव्हे.

आजारी असून काम करण्याचे दुष्परिणाम रेल्वेपुरते मर्यादित नाहीत. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासातून २००५ मध्ये एक निष्कर्ष पुढे आला. प्रकृती चांगली नसतानाही एक दिवसही आजारपणाची रजा न घेणाऱ्या पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या गंभीर घटनांचे प्रमाण मध्यम रजा घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. ‘शून्य अनुपस्थिती’साठी प्रशस्तिपत्रे वाटणाऱ्या संस्थांनी या निष्कर्षाची दखल घ्यावयास हवी. हजेरीपत्रकावर लाल शेरा नसणे हे नेहमीच आरोग्याचे लक्षण नसते.

पर्यायी काम : न्यायालयांची भूमिका

कर्मचारी पूर्वीचे काम करू शकत नाही, तेव्हा नियोक्त्यापुढे दोन मार्ग असतात : त्याला काढणे किंवा त्याला जमेल असे काम शोधणे. भारतीय न्यायव्यवस्था गेल्या काही दशकांत पहिल्याकडून दुसऱ्याकडे सरकत आली आहे. राजस्थान राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या दृष्टी अधू झालेल्या बसचालकांच्या प्रकरणात (आनंद बिहारी, १९९१) सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पर्यायी काम द्यावे व ते शक्य नसल्यास अतिरिक्त भरपाई द्यावी असा मार्ग आखून दिला. तेव्हा १९९५ चा कायदा अस्तित्वात नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कुणाल सिंग प्रकरणात (२००३) कर्तव्यावर असताना जखमी होऊन पाय गमावलेल्या शिपायास सेवेतून कमी करणे कलम ४७ च्या विरुद्ध ठरले. निवृत्तिवेतन दिले म्हणून ही जबाबदारी टळत नाही, असेही न्यायालयाने सांगितले. हेच संरक्षण पुढे २०१६ च्या अधिनियमाच्या कलम २० मध्ये कायम राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये तेलंगणा राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या रंगांधळेपणामुळे अपात्र ठरलेल्या चालकास पर्यायी पद देण्याचा आदेश झाला.

मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या एका निकालाचा उल्लेख येथे करावयास हवा. एका सार्वजनिक उपक्रमाने हंगामी कामगारास तो एचआयव्हीबाधित असल्याच्या कारणावरून काम नाकारले होते. न्यायालयाने म्हटले, की जो आपले काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून कामाच्या ठिकाणी इतरांना धोका नाही, त्याला केवळ रोगाच्या नावावरून बाहेर ठेवता येणार नाही. ‘फिट’ या शब्दाची याहून नेमकी व्याख्या करणे अवघड आहे. प्रश्न रोगाचा नसतो. त्या कामापुरत्या क्षमतेचा असतो. ब्रिटनमध्ये २०१० पासून डॉक्टरांच्या दाखल्यात ‘कामास योग्य नाही’ याबरोबरच ‘पुढील बदल केल्यास कामास योग्य असू शकेल’ असा पर्याय ठेवला गेला. कमी तास, बदललेली पाळी, ओझे न उचलण्याची सवलत असे बदल त्यात सुचवता येतात. शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या प्राध्यापकाला महिनाभर तळमजल्यावर तासिका देणे हा याच विचाराचा घरगुती प्रकार होय. पुष्कळ प्राचार्य तो नियमाविनाही करतात. नियम असल्यास तो प्राचार्यांच्या मर्जीवर अवलंबून राहणार नाही.

दीर्घ आजारानंतर परतणाऱ्याशी पहिल्या दिवशी बोलणे, हा अत्यंत साधा व बहुधा दुर्लक्षित उपाय आहे. विभागप्रमुखाने दहा मिनिटे बसून प्रकृती कशी आहे, कोणते काम जड जाते, मधल्या काळात काय बदलले, एवढे विचारावे व सांगावे. चौकशी आणि विचारपूस या दोन मराठी शब्दांतील अंतर येथे महत्त्वाचे आहे. पहिल्याने माणूस बचावात्मक होतो, दुसऱ्याने बोलता होतो.

कामातून उद्भवणारे आजार

भुसावळचा उन्हाळा प्रसिद्ध आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. रुळांची देखभाल करणारा ट्रॅकमन त्या उन्हात तापलेल्या लोखंडाजवळ काम करतो. त्याच्या उष्माघाताची, मुतखड्याची अथवा कंबरदुखीची नोंद आजारपणाच्या रजेत होते, पण तिचे मूळ कामात असते. लोको पायलटच्या ड्यूटीला ठरलेली रात्र नसते. नियमाने त्यास महिन्यात सलग २२ तासांच्या पाच किंवा ३० तासांच्या चार विश्रांती मिळावयास हव्यात. या विश्रांती लांबणीवर पडू लागल्या, की काही महिन्यांनी त्याचे पडसाद रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात उमटतात. सबब अनुपस्थितीच्या नोंदी आस्थापना विभागाने कप्प्यात ठेवण्याऐवजी शाखानिहाय व ऋतुनिहाय मांडून पाहिल्या, तर त्या नियोक्त्यास कामाच्या जागेविषयी पुष्कळ काही सांगू शकतात. एकाच शाखेत दर उन्हाळ्यात दाखले वाढत असतील, तर दाखले तपासण्याआधी पाण्याची, सावलीची व कामाच्या वेळेची तपासणी करणे शहाणपणाचे ठरते. सकाळी लवकर काम सुरू करून दुपारी थांबवणे, ही खानदेशातील शेतकऱ्याची जुनी रीत आहे.

ज्यांना ‘सिक’मध्ये जाता येत नाही

आतापर्यंतची सर्व चर्चा ज्यांच्या नावे रजेचे खाते आहे त्यांच्याविषयी झाली. त्याच स्थानकावर फलाट झाडणारा कंत्राटी कामगार, त्याच वसाहतीच्या बाहेर दुकानात काम करणारा मुलगा, केळीचे घड ट्रकमध्ये भरणारा हमाल यांच्यासाठी आजार म्हणजे त्या दिवशीची मजुरी बुडणे.

संघटित क्षेत्रातील अल्पवेतनी कामगारांसाठी १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने मार्ग काढला होता. प्रत्यक्ष योजना फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. आजारपणात सरासरी वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत आणि क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ देण्याची तीत तरतूद झाली. आजारपणाचा लाभ घेत असताना कामगारास कामावरून काढण्यास कायद्याच्या कलम ७३ ने मनाई केली होती. हा कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. या योजनेत आजाराचा भार एका नियोक्त्यावर पडत नाही, तो सर्वांच्या वर्गणीतून उचलला जातो. त्यामुळे आजारी माणसाला कामावर ठेवणे मालकाला महाग पडत नाही, हे तिचे फारसे न बोलले जाणारे वैशिष्ट्य होय. मात्र ठेकेदाराने नाव नोंदवले आणि वर्गणी भरली, तरच हा लाभ मिळतो. मुख्य नियोक्त्याने ठेकेदाराचे देयक मंजूर करताना वर्गणीची पावती पाहिली, तर या दोषाचा बराच भाग दूर होईल.

महाविद्यालये याबाबत केवळ अभ्यासक नाहीत. ती स्वतः नियोक्ते आहेत. कायम प्राध्यापकांच्या सेवापुस्तिकेत अर्धवेतनी रजेचे रकाने नियमित भरले जातात. त्याच शिक्षककक्षात, शेजारच्या खुर्चीवर, तासिका तत्त्वावरील शिक्षक बसलेला असतो. त्याचा अभ्यासक्रम तोच, विद्यार्थी तेच. त्याला मानधन मात्र घेतलेल्या तासांचे मिळते. त्याला ताप आला तर तास बुडतो, तास बुडाला तर मानधन बुडते, आणि पुढील वर्षी मुलाखतीला पुन्हा त्याच समितीसमोर उभे राहावयाचे असते. म्हणून ऑगस्ट महिन्यात डेंग्यूच्या तापातून नुकताच उठलेला तो खडू हातात घेऊन पहिल्या तासाला उभा असतो. त्याच्या अनुपस्थितीची नोंद कोणत्याही मस्टरवर सापडणार नाही. सत्राच्या आरंभी त्याच्याशी करार करताना, वैद्यकीय दाखला दिल्यास बुडालेले तास त्याच सत्रात भरून घेण्याची हमी आणि काही मोजक्या तासांचे मानधन संस्थेच्या निधीतून देण्याची तरतूद लेखी स्वरूपात घालता येईल. त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. महाविद्यालय विकास समितीच्या एका ठरावाने ते होऊ शकते.